ग्रीन टीने तब्येत सुधारते, की नुसती साखर सुटल्याने?

कटिंग_पुणे
आमच्या सकाळच्या वॉकिंग ग्रुपमधे हल्ली निम्मे लोक ग्रीन टीवर आलेत, आणि बोलणं काय तर पोट उतरतं, शुगर कमी होते, हार्टला चांगलं, कॅन्सर होत नाही. माझं स्पष्ट मत आहे की यातला बराचसा गुण ग्रीन टीचा नाहीच, सुटलेल्या साखरेचा आहे. हिशोब करा. घरचा, ऑफिसचा, टपरीवरचा धरून चार कप चहा सहज होतो, कपाला दोन चमचे साखर म्हणजे 8 चमचे, 30 ते 40 ग्रॅम झाली की. डब्ल्यूएचओने 2015 साली सांगितलंय की वरून घातलेली साखर दिवसाला 25 ग्रॅमच्या आत असली तर उत्तम, म्हणजे आपण गोडाचा घासही न खाता नुसत्या चहावर ती मर्यादा ओलांडतो. हा चहा बंद करून तुम्ही ताक प्या नाहीतर कोमट पाणी प्या, वजनकाटा हलणारच. कॉक्रेन म्हणून उपचारांचे पुरावे पडताळणारी संस्था आहे, त्यांनी 2012 मधे वजनावरच्या ट्रायल्स एकत्र करून तपासल्या, तर ग्रीन टीने पडलेला फरक इतका किरकोळ निघाला की उपचार म्हणून त्याला काही अर्थ नाही. मग लोकांना खोटी आशा का दाखवायची?

निशीकासाईकर
दादा, वजनाचं सोडा, ते मलाही पटतं. पण बाकीचं एवढ्या सहज उडवून लावू नका. मी टोकियोत राहतो, इथे ग्रीन टीत साखर कुणी घालतच नाही, पिढ्यानपिढ्या नाही, त्यामुळे साखर सुटली म्हणून फायदा झाला हे इथे लागूच होत नाही. मियागी प्रांतातल्या 40,530 लोकांचा 11 वर्षं पाठपुरावा केलेला ओसाकी अभ्यास 2006 साली छापून आला. त्यात दिवसाला पाच किंवा जास्त कप पिणाऱ्या बायकांमधे हृदयविकार आणि स्ट्रोकने होणारे मृत्यू एका कपापेक्षा कमी पिणाऱ्यांच्या तुलनेत 31 टक्के कमी, पुरुषांमधे 22 टक्के कमी. हा काय साखरेचा फरक आहे?

कटिंग_पुणे
अभ्यास चांगलाच आहे, पण त्याच अभ्यासात कॅन्सरच्या मृत्यूंमधे काही फरक सापडला नाही तेही सांगा ना. आणि हे निरीक्षण आहे, कुणाला चहा देऊन आणि कुणाला न देऊन केलेला प्रयोग नाही. पाच कप पिणारा माणूस अजून काय खातो, किती चालतो, याचा हिशोब संशोधक लावतात पण पूर्ण लागत नाही. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषध खात्याने, त्याच 2006 साली ग्रीन टीने हृदयरोगाचा धोका कमी होतो असं पाकिटावर छापायला नकार दिला होता.

निशीकासाईकर
प्रयोगही आहेत. कॉक्रेनचाच 2013 चा रिव्ह्यू बघा, ग्रीन टी विरुद्ध प्लासिबो (दिसायला तशीच पण बिनअसराची गोळी) अशा ट्रायल्समधे एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, आणि बीपी थोडं उतरलं. ट्रायल्स थोड्या होत्या, कमी मुदतीच्या होत्या, मान्य. पण शून्य फायदा असं नाही म्हणता येत.

गवती_चहा_दापोली
मला हे सगळं वाचून एकच वाटतं की ही परदेशी फॅशन हवीच कशाला, परसातला गवती चहा, आलं, तुळस उकळा, साखर घालू नका, झालं.

निशीकासाईकर
परदेशी कसली ताई, आपल्या हिमाचलातल्या कांगड्यात ग्रीन टी बनतो की. झाड तेच, आपल्या आसामच्या चहाचं. पान तोडल्यावर लगेच वाफेवर किंवा कढईत तापवलं की ते काळं पडत नाही आणि त्यातली कॅटेचिन्स, म्हणजे चहाच्या पानातली गुणकारी मानली जाणारी द्रव्यं, टिकतात, एवढाच फरक. गवती चहा चवीला छानच लागतो पण ते वेगळं गवत आहे, त्यात ही कॅटेचिन्स नाहीत, त्यामुळे अभ्यासांचे आकडे त्याला लावता येणार नाहीत.

विदर्भाची_लेक
एक गोष्ट कुणीच बोलत नाहीये. आमच्याकडे पोरी डाएट म्हणून दुपारचा डबा संपला की लगेच ग्रीन टी घेतात. चहातले टॅनिन्स डाळ-भाजीतलं लोह शरीरात शोषू देत नाहीत, साध्या चहाचंही तेच. 2019-21 च्या सरकारी सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54 टक्के बायकांना ॲनिमिया होता! निम्म्याहून जास्त! माझ्या भाचीचं हिमोग्लोबिन गोळ्या घेऊनही वर येत नव्हतं, डॉक्टरांनी आधी हाच प्रश्न विचारला की जेवणावर चहा घेतेस का. प्या बापा, पण जेवण आणि चहात एक तास तरी जाऊ द्या, आणि लोहाची गोळी तर चहासोबत अजिबात नको.

मेडिकलवाला_सांगली
ताई बरोबर बोलल्या. माझी काळजी वेगळी आहे, कॅप्सूलची. दुकानात रोज कुणीतरी ग्रीन टी एक्स्ट्रॅक्ट मागतं, पानापासूनचं आहे म्हणजे निर्धोकच असणार असं समजून. युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेने 2018 मधे हे तपासलं, चहा म्हणून पिणाऱ्यांच्या पोटात दिवसाला सरासरी 90 ते 300 मिलिग्रॅम ईजीसीजी (ग्रीन टीतलं मुख्य कॅटेचिन) जातं आणि ते साधारण सुरक्षित, पण सप्लिमेंटमधून 800 मिलिग्रॅम किंवा वर गेलं की रक्तात लिव्हरची एन्झाइम्स वाढलेली दिसली, म्हणजे लिव्हरला त्रास होत असल्याची खूण. कपभर गरम पाण्यातून हळूहळू जाणं वेगळं आणि उपाशीपोटी एकदम गोळी गिळणं वेगळं. लिव्हरचा त्रास असलेल्यांनी तर त्या वाटेला जाऊच नये.

बिनसाखर_नाशिक
कटिंगदादा, तुमच्या पहिल्या मुद्द्याला माझा विरोध आहे. साखर सुटली म्हणून फायदा झाला असं म्हणता, पण ती सुटली कशामुळे? कोमट पाणी प्या म्हणणं सोपं आहे हो. चार वाजता डोकं जड होतं, हातात काहीतरी गरम हवं असतं, थोडी तरतरी हवी असते, ते पाण्याने होत नाही आणि ताकानेही होत नाही. बिनसाखरेचा दुधाचा चहा मला कधीच जमला नाही, ग्रीन टी जमला कारण त्यात गोड असायला हवं असं जिभेला वाटतच नाही. माझ्यासारख्यांची साखर ज्याने सोडवली त्याला श्रेय द्यायचं नाही तर कुणाला द्यायचं?

कटिंग_पुणे
द्या की श्रेय, पण मग तसंच सांगा, की यात साखर लागत नाही म्हणून प्या. आमच्या ग्रुपमधे एकजण शुगरची गोळी कमी करायला निघालेत ग्रीन टी सुरू केला म्हणून, डॉक्टरांना न विचारता. माझा राग त्यावर आहे. आणि जे मध घालून पितात त्यांनी मधही साखरेतच मोजा.

बिनसाखर_नाशिक
गोळीचं पटलं, ती डॉक्टरांशिवाय हलवायची नाही. बाकी मी माझं म्हणणं सोडत नाही.

निशीकासाईकर
अजून एक, उकळतं पाणी ओतू नका, कडू होतो आणि मग लोक मध शोधतात. 70-80 डिग्रीचं पाणी, दोन मिनिटं, बास.

सातारी_सून
माझ्या सासऱ्यांना बीपीची गोळी चालू आहे, त्यांनी घेतला तर चालेल का?

मेडिकलवाला_सांगली
गोळीचं नाव बघा ताई. नाडोलॉल असेल तर ग्रीन टीने ती रक्तात नीट पोचत नाही, असर कमी होतो. रक्त पातळ व्हायची वॉरफरिन असेल तरी आधी डॉक्टरांना विचारा. पट्टीचा फोटो काढून जवळच्या केमिस्टला दाखवा, तोवर सुरू करू नका.