मदत हवी आहे : एचआयव्हीसोबत लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कॅन्सर), केमो घेतलेले कोणी आहे का?

नमस्कार. माझा मोठा भाऊ, वय 46. अकरा वर्षं एआरटी (एचआयव्हीचे उपचार) केंद्राच्या गोळ्या एकही दिवस न चुकवता घेतोय. मानेला गाठ आली तेव्हा टीबी समजून तीन महिने त्याचंच औषध चाललं. गाठ वाढतच गेली. शेवटी बायोप्सी झाली आणि डिफ्यूज लार्ज बी-सेल हा लिम्फोमाचा प्रकार निघाला. ते तीन महिने आठवले की जीव तुटतो.

सीडी4 (प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा) 180 आहे, म्हणजे कमी. डॉक्टर म्हणतात, एआरटी बंद करायची नाही, केमो सोबतच द्यायची. दर 21 दिवसांनी एक, अशा सहा. जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून सेप्ट्रानही चालू ठेवलंय. आधी एका ठिकाणी एचआयव्हीचं कळल्यावर आम्हाला टोलवलं होतं. 2017 च्या एचआयव्ही कायद्याने असं करता येत नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

कोणाच्या घरी हे दोन्ही एकत्र झालंय का? पांढऱ्या पेशी उतरल्या की घरी काय सांभाळलंत? तो डोलुटेग्राव्हिर (एचआयव्हीची गोळी) घेतो, त्याच्या वेळेला अँटासिड किंवा कॅल्शियम चालत नाही म्हणतात. केमोत पित्त झालं तर वेळा कशा बसवल्यात? रितुक्सिमॅबचा (केमोसोबतच्या लिम्फोमाच्या औषधाचा) खर्च जनआरोग्य योजनेत बसला का? टाटाला जायचं ठरलं तर दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळायला काय कागद लागतात?

गावात कोणालाच माहीत नाही, म्हणून कृपया मेसेज करा. वहिनी रात्रभर जागी असते. पुढची केमो सोमवारी आहे.