रायझनचा स्टॉक कूलर निघतच नाहीये, ओढू का?

वऱ्हाडी_पीसी
मंडळी जरा अर्जंट आहे. रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, पाच वर्षं झाली प्रोसेसरसोबत आलेला रेथ स्टेल्थ कूलरच चालवतोय. अकोल्याचा उन्हाळा तुम्हाला माहीतच आहे, गेम लावला की ९३-९४ डिग्री आणि फॅनचा आवाज मिक्सरसारखा, म्हणून डीपकूलचा एके४०० हा नवा कूलर मागवला. आता चारही स्क्रू काढले तर बोर्डामागे खाडकन काहीतरी पडलं आणि कूलर मात्र जागचा हलेना, फेव्हिकॉल लावल्यासारखा. जोर लावू का?

जुना_हार्डवेअरवाला
अजिबात ओढू नकोस रे बाबा!! तुझ्या एएम४ सॉकेटला (बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा) पिना प्रोसेसरच्या पोटाला असतात, १३३१ आहेत, आणि प्रोसेसर-कूलरमधली उष्णता वाहून नेणारी पेस्ट सुकलेली असली की सॉकेटचं लिव्हर (प्रोसेसर पकडून ठेवणारी दांडी) बंद असूनही प्रोसेसर कूलरसोबत उपटून येतो. मागे पडली ती बॅकप्लेट, म्हणजे कूलरचे स्क्रू धरणारी बोर्डामागची पट्टी, रेथ स्टेल्थचे स्क्रू थेट तिच्यातच जातात म्हणून सुटली. फेकू नकोस, नव्या कूलरला तीच लागेल. आता ती मागून हाताने धरून स्क्रू परत लाव, फॅनची वायर लावलेली आहे ना बघ, आणि १०-१५ मिनिटं गेम चालव म्हणजे पेस्ट मऊ होईल. मग बंद कर, प्लग काढ, स्क्रू काढून कूलर डावी-उजवीकडे हळूहळू पिळ. बरणीचं झाकण फिरवतो तसं. सुटला की मगच उचल.

सांगलीकर८७
पीसी चालू करायची भीती वाटत असेल तर हेअर ड्रायरनेपण होतं, मी तसंच केलेलं. आणि एके४०० ची उंची १५५ एमएम आहे, कॅबिनेटची काच बसते का ते आधी मोजलंस ना? आमच्याकडे नाही बसली, दोन महिने साइड पॅनेल उघडं ठेवून चालवला, धुळीने वाट लागली.

वऱ्हाडी_पीसी
काच बसते, मोजलं होतं. बाकी अपडेट: गरम करून पिळला तरी शेवटी मी घाई केलीच आणि प्रोसेसर आला वर 😭 कोपऱ्यातली एक पिन वाकलीये. बाकीच्या सरळ दिसतात.

जुना_हार्डवेअरवाला
एकच ना, मग रडू नकोस. ०.५ ची लेड पेन्सिल घे, लेड काढून टाक, टोकाच्या नळीत पिन घालून अगदी थोडी थोडी सरळ कर, एका झटक्यात केलीस तर तुटेल. मग लिव्हर वर करून सोनेरी त्रिकोण सॉकेटच्या त्रिकोणाशी जुळव, प्रोसेसर आपल्या वजनानेच खाली बसला पाहिजे, दाबायचा नाही. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूस. नव्या कूलरच्या बुडाला आधीच पेस्ट असेल तर वरून आणखी थापू नकोस. स्क्रू आलटून-पालटून, थोडे थोडे आवळ, फॅन रॅमच्या बाजूला, हवा मागच्या फॅनकडे.

वऱ्हाडी_पीसी
झालं!! तासभर लागला त्या एका पिनेला, हात थरथरत होते. बूट झाला, रॅम दोन्ही दिसतायत, त्याच गेममध्ये ७१. आवाज इतका कमी की आई विचारून गेली बंद पडला का म्हणून.