बैल कोराच राहिला
इंग्रज चित्रकार जॉर्ज स्टब्सच्या 'व्हिसलजॅकेट' घोड्याचा (१७६२ च्या सुमाराचं, जवळपास तीन मीटर उंच चित्र) दाखला देऊन काही जण म्हणतात, की जनावर खऱ्या मापात काढलं की चित्रकाराचा हात मोकळा होतो. होतो, खरंय. मनगट थकतं आणि रेघ खांद्यातून यायला लागते. पण माझ्या बाबतीत मापापेक्षा रंगाच्या अडचणीनं काम केलं.

आमच्या आर्वी (जि. वर्धा) भागातला गवळाऊ जातीचा बैल म्हणजे पांढरा, नाहीतर राखाडी. पोळ्याआधी ओसरीच्या भिंतीवर आमचा बैल पुरा आठ फूट काढायला घेतला. भिंत चुन्याची, बैलही पांढरा, दिसणार काय? काळ्या रेघेनं बांधला तर कॅलेंडरातला वाटू लागला. वैतागून गेरू कालवला आणि फड्यानं भोवतालची भिंतच रंगवत सुटलो. बैल कोरा राहिला. डोळा, खूर आणि वशिंडाची सावली तेवढी काजळीनं. बाबा म्हणाले, "अर्धाच काढला का बे?" स्टब्सनं घोड्यामागची जागा मोकळी सोडली, माझा बैलच मोकळा सुटला. तेव्हापासून कॅनव्हासवरही जनावरं अशीच काढतो. म्हशीला मात्र ही युक्ती चालत नाही.