मदत हवी आहे : भिंतीवर लावायचे दरपत्रक 'गोपनीय' कसे ठरते?

नमस्कार. माहिती अधिकारातील एका उत्तराविरुद्ध प्रथम अपील करायचे आहे. उत्तर हाती पडून १९ दिवस झाले, म्हणजे मुदतीचे ११ दिवस उरले आहेत. शुश्रूषागृहांच्या कायद्याचा किंवा अपिलांचा अनुभव असणाऱ्यांनी कृपया मार्ग सुचवावा.

महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, १९४९ खालील नियमांत जानेवारी २०२१ मध्ये दुरुस्ती झाली आणि रुग्ण हक्कांची सनद व खोलीभाडे, डॉक्टरांची फी, शस्त्रक्रियागृह, प्राणवायू अशा सेवांचे दर दर्शनी भागात लावणे खासगी रुग्णालयांवर बंधनकारक झाले. दर किती असावेत हे नियम ठरवत नाहीत. जे आकारणार ते आधी दाखवा, एवढेच सांगतात. गेल्या वर्षी आईच्या शस्त्रक्रियेसाठी दोन रुग्णालयांत चौकशी केली, तेव्हा एका ठिकाणी सनद ठळक लावलेली होती, पण दरांचा तक्ता औषधांच्या खिडकीच्या दारामागे होता; दार उघडले की तो झाकला जाई, आणि प्राणवायूचा रकाना तर कोराच होता. दुसऱ्या ठिकाणी "पेशंट अ‍ॅडमिट करा, मग एस्टिमेट देतो" असे उत्तर मिळाले.

म्हणून नोंदणी करणाऱ्या कार्यालयाकडे अर्ज केला. त्यात आमच्या प्रभागातील नोंदणीकृत रुग्णालयांची यादी, त्यांनी सादर केलेली दरपत्रके, मागील दोन वर्षांचे तपासणी अहवाल आणि प्रत्येक रुग्णालयातील एकूण प्रसूती व त्यांपैकी सिझेरियन किती, ही मासिक आकडेवारी मागितली होती. यादी मिळाली. दरपत्रके मात्र 'व्यापारी गोपनीयता' म्हणून माहिती अधिकार अधिनियमाच्या कलम ८(१)(घ) खाली, तसेच 'त्रयस्थ पक्षाची' (म्हणजे रुग्णालयांची) 'संमती नाही' या कारणाने नाकारली. आकडेवारी 'वैयक्तिक माहिती' ठरवून कलम ८(१)(ञ) लावले, आणि तपासणी अहवालांबद्दल अवाक्षर नाही.

जे कागद कायद्यानेच भिंतीवर लावायला सांगितले आहेत, ते गोपनीय कसे, हा माझा मुख्य प्रश्न आहे. शिवाय कोणाचेही नाव न मागता केवळ संख्या मागितली, तर ती कोणाची वैयक्तिक माहिती होते? २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमाने हे कलम अधिक कडक केल्याचे वाचले आहे, त्यामुळे याच मुद्द्यावर मी अडखळलो आहे.

प्रतिसाद १

आपल्याला मिळालेल्या उत्तरातच आपले अर्धे काम झाले आहे. 'संमती नाही' असे लिहिताना दरपत्रके आपल्या ताब्यात आहेत हे जन माहिती अधिकाऱ्यांनी मान्य केले. तेव्हा 'अभिलेख उपलब्ध नाही' असे म्हणणे आता त्यांना अवघड जाईल. त्यांनी तसे म्हटलेच, तर कलम २(च) दाखवा : अन्य कायद्याखाली सार्वजनिक प्राधिकरणाला खासगी संस्थेकडून जी माहिती घेता येते, तीही 'माहिती'च असते.

त्रयस्थ पक्षासाठीचे कलम ११ हे संमतीचे कलम नव्हे. त्रयस्थाने जी माहिती गोपनीय मानली आहे तिच्याबाबत त्याला नोटीस देऊन त्याचे म्हणणे ऐकायचे असते, निर्णय अधिकाऱ्यांनीच घ्यायचा असतो. दर्शनी भागात लावायचा कागद मुळात गोपनीय मानताच येत नाही, हे एक वाक्य अपिलात पहिल्याच परिच्छेदात येऊ द्या. नकार योग्य होता हे सिद्ध करण्याचा भार कलम १९(५) नुसार अधिकाऱ्यांवर आहे.

आकडेवारीबाबत थोडे सबुरीने घ्यावे, असे मला वाटते. वर्षाच्या बेरजेतून कोणी व्यक्ती ओळखू येत नाही. परंतु दहा खाटांच्या रुग्णालयात एखाद्या महिन्यात दोनच प्रसूती झाल्या असतील, तर गल्लीतल्या लोकांना त्या बायका कोण हे लगेच कळेल. सुनावणीत मासिकाऐवजी वार्षिक बेरीज चालेल असे स्वतःहून सांगा आणि कलम १० खाली ओळख पटेल तो भाग वगळून उरलेले देण्याची विनंती करा. सार्वजनिक हिताचे कलम ८(२) अजून कायम आहे, त्याचाही आधार घ्या. तपासणी अहवालांत रुग्णांचे वैद्यकीय अभिलेख नसावेत, कारण १९४९ चा कायदा तपासणी अधिकाऱ्याला ते पाहण्याची मुभा देत नाही. त्यामुळे तेथे रुग्णांच्या खासगीपणाची सबब फारशी टिकणार नाही.

एक चूक आपलीही झाली आहे. महाराष्ट्राच्या २०१२ च्या माहिती अधिकार नियमांनुसार अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांचा असावा लागतो. आपण चार गोष्टी एकत्र बांधल्यात. अपील आहे तसेच करा, त्यावर २० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. तपासणी अहवालांसाठी मात्र १० रुपये भरून वेगळा अर्ज आजच टाका.

धागाकर्ता

मनापासून आभार. वार्षिक बेरजेचा मुद्दा मला सुचलाच नव्हता, आणि तो पटला. आता एकच विचारतो : औषधांच्या खिडकीमागच्या त्या तक्त्याचा फोटो माझ्याकडे आहे. तो अपिलासोबत जोडावा, की प्रदर्शनाच्या नियमभंगाची तक्रार म्हणून नोंदणी कार्यालयाच्या तक्रार निवारण कक्षाकडे वेगळा पाठवावा?