नव्या एक्सेलमध्ये एका पानाचा तक्ता दुसऱ्या पानावर जातो

प्रश्न (वडोदरा): दांडिया बाजारातील आमच्या मंडळाचा वर्गणीचा ५० ओळींचा तक्ता एक्सेल २००३ मध्ये ए-४ कागदाच्या एका पानावर बसत असे, नव्या आवृत्तीत तोच तक्ता नव्याने भरला, तर शेवटच्या ओळी दुसऱ्या पानावर का जातात?

उत्तर १: एक्सेल २००७ पासून एरियल १० ऐवजी कॅलिब्री ११ हा मूळ फाँट आला आणि ओळीची उंची १२.७५ वरून १५ पॉइंट झाली. सेल स्टाइल्समधील ‘नॉर्मल’ शैलीत एरियल १० निवडावा.

उत्तर २: ‘एका पानावर बसवा’ हा पर्यायही आहे, मात्र त्याने अक्षरे बारीक होतात, आणि वर्गणीदार बहुधा ज्येष्ठच असतात.

प्रश्नकर्ता: ‘नॉर्मल’ शैली बदलताच तक्ता एका पानावर आला. आभारी आहे.