मदत हवी आहे: इक्थिओसॉरची नवी जात ठरवतात कशी?

नमस्कार मंडळी, मी सांगलीचा, पोरीला शाळेत नामशेष समुद्री सरपटणाऱ्या प्राण्यांवर प्रोजेक्ट दिलाय आणि मला सांगतेय रात्री दहाला. आपल्याकडं सगळा लाव्हाचा काळा बेसाल्ट, त्यात कसली हाडं घावणार! म्हणून कच्छचा इक्थिओसॉर घेतला, लोडाई गावाजवळ जवळजवळ अख्खा सांगाडा मिळालेला, साडेपाच मीटरचा, साधारण १५ कोटी वर्षं जुना, २०१७ ला जाहीर झाला. पण त्याला ऑफ्थाल्मोसॉरिडी कुळात टाकलं आणि जातीचं नवीन नाव काय दिलं नाही, गाडी अडलीय ती इथंच. दात, मणके, वल्ह्यासारख्या पायांची हाडं, नेमका कशात किती फरक दिसला की नवी जात म्हणतात? आणि तो फरक नुसता पिल्लू-मोठ्याचा असला तर? कुणी जिऑलॉजीवालं असेल तर सोप्या मराठीत सांगा की राव, सोमवारी द्यायचंय.