डिअर, टीअर आणि आपला मृग
काहींना वाटतं की इंग्रजीतलं 'डिअर' म्हणजे हरीण आणि जर्मन 'टीअर' म्हणजे प्राणी, यांचं साम्य उच्चारापुरतंच असावं. नाही हो, शब्द एकच. डच 'डीर' आणि स्वीडिश 'यूर' यांचा अर्थही प्राणीच. जुन्या इंग्रजीत तो कुठल्याही रानटी जनावराला चालायचा. पुढे फ्रेंच-लॅटिनकडून 'बीस्ट', 'अ‍ॅनिमल' आले आणि शिकाऱ्यांचं आवडतं सावज तेवढं 'डिअर' उरलं.

आपल्या 'मृगा'चंही हेच झालंय की! सिंहाला मृगेंद्र म्हणतो, ते काय हरणांचा राजा म्हणून? ऋग्वेदात तर हत्तीही 'मृग हस्तिन्' आहे. कन्नडमध्ये जुना अर्थ अजून टिकून आहे. म्हैसूरला रिक्षावाला 'मृगालय' म्हणाला, तेव्हा मला हरणांची बाग वाटली होती. आत शिरलो तर समोर जिराफ!